तीन बाळंतपणांची चव

आमचे धाकटे दीर हिम्मतराव यांना मी बारा वर्षं ओसरीच्या आत येऊ दिलं नव्हतं. कारण एकच, दारू. दिवाळीला यायचे, तेव्हा ओसरीवर पाट मांडायची आणि ताट बाहेर द्यायची. पुरणपोळीवर तुपाची धार कधी आखडती घेतली नाही, पण उंबरा ओलांडायचा नाही म्हणजे नाही. काचीगुड्याच्या आमच्या गल्लीत कुणाच्या नवऱ्याने बाटली आणली की त्या घरची बाई मला बोलावून न्यायची. माझ्या तोंडाला भले भले भ्यायचे. हे आधी सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझी काय गत झाली ते नीट कळेल.

जहागिरी गेल्या, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. आमचे हे, भगवंतराव, तीस वर्षं एका नवाबसाहेबांच्या देवडीत, म्हणजे वाड्यात, पेशकार होते. देवडीची सगळी लिखापढी यांच्या हातची. नवाबसाहेब वारले, मुलं कराचीला निघून गेली, आणि त्या एवढ्या मोठ्या देवडीत म्हाताऱ्या बेगमसाहेबा आणि चार जुनी माणसं तेवढी उरली. त्यांतले एक दस्तगीरमियाँ. ते आबदार. म्हणजे सरबतापासून विलायती बाटल्यांपर्यंत पिण्याचं जे जे देवडीत असेल, ते सगळं त्यांच्या ताब्यात.

आमच्या घरी दस्तगीरमियाँ यायचे ते माझ्या बाळंतपणापुरते. बाळकृष्णाच्या वेळी आले, कुसुमच्या वेळी आले, लीलाच्या वेळी आले. डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेलं भारी औषध नवाबसाहेबांच्या मेहेरबानीने मिळतंय, असं मला यांनी सांगितलेलं. दस्तगीरमियाँ टांग्यातून उतरायचे तेव्हा बाटली दोन्ही हातांवर आडवी असायची, जसं काही बाळंत तेच झालेत. ओसरीवर बसून, हात जराही न हलवता, मलमलीतून ते औषध गाळायचे. मग ते औषधाच्या शिशीत भरायचं, हे त्यावर कागदाच्या खुणा चिकटवायचे, आणि मला सकाळ-संध्याकाळ दोन दोन पळ्या मिळायच्या. पहिली पळी पोटात गेली असा निरोप बाहेर येईपर्यंत दस्तगीरमियाँ उठायचे नाहीत. ते गेल्यावर मी ओसरीवर पाणी शिंपडायला लावायची. टांगा कोपऱ्यापर्यंतही गेलेला नसायचा. त्यांना दिसत असणारच.

तर त्या वर्षी थंडीच्या दिवसांत हे दुपारी देवडीवरून आले आणि ताटावर नुसतेच बसून राहिले. मी विचारलं, भातात खडा लागला का. हे म्हणाले, दस्तगीरला पोलिसांत देणार आहेत.

देवडीच्या सामानाची यादी करून लिलाव करायला एक नवे अधिकारी आले होते. हणमंतराव त्यांचं नाव, साताऱ्याकडचे. तळघरात तीन घोड्यांवर, म्हणजे लाकडी मांडण्यांवर, जुन्या बाटल्या आडव्या ठेवलेल्या. चिठ्ठ्या होत्या त्या सगळ्या कसरीने खाल्लेल्या. नवाबसाहेबांच्या वहीत तिन्ही तऱ्हांपुढे लिहिलेलं, रंग गर्द लाल. हणमंतरावांनी एकेक बाटली उघडून पाहिली तर एक लाल, एक विटेच्या रंगाची, आणि जी सगळ्यांत जुनी आणि मोलाची म्हणून वहीत लिहिलेली, ती नुसती चहाच्या पाण्यासारखी, तळाशी गाळ. त्यात बाटल्यांच्या तोंडावरची लाख नवीकोरी आणि गुलाबी. बुचांना कीड लागायला लागली म्हणून दस्तगीरमियाँनी चुडीबाजारातून लाख आणून सगळ्या बाटल्यांची तोंडं पुन्हा बंद केली होती. बांगड्यांची लाख ती, गुलाबीच मिळणार. हणमंतरावांनी सिकंदराबादच्या एका हॉटेलवाल्याला बोलावून दाखवलं. तो विस्कीतला माणूस. त्याने बाटली उजेडात धरली आणि सांगितलं की खरा माल कुणीतरी पिऊन टाकलाय, हे पाणी घातलेलं आहे. झालं. आबदार चोर ठरला.

"मग तुम्ही सांगा ना त्यांना," मी म्हटलं. "तीस वर्षं होतात तिथं."

"मी कधी चाखली नाही."

"दस्तगीरमियाँ सांगतील मग."

"तो पाच वेळचा नमाजी. त्याने थेंब तोंडाला लावला नाही कधी."

"नवाबसाहेब गेले. मग त्या तिन्ही तऱ्हा चाखलेलं माणूस आता आहे तरी कोण?"

हे आमटीच्या वाटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी उठले, मोरीत गेले, आणि घासून ठेवलेलं पातेलं पुन्हा घासायला बसले. हे मागे येऊन उभे. बाळकृष्ण झाला तेव्हा मी तीन दिवस डोळे उघडले नव्हते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हिला पोर्ट द्या, नाहीतर हातची जाईल. पोर्ट म्हणजे द्राक्षाची विलायती दारू. नवाबसाहेबांच्या कानावर गेलं आणि त्यांनी स्वतःच्या पिण्यातली सगळ्यांत जुनी बाटली काढून दिली. हे सगळं यांनी माझ्या पाठीला सांगितलं.

"विचारलं असतंत तर मी मेले असते, पण घेतली नसती," मी म्हटलं.

"म्हणून विचारलं नाही."

बाळकृष्ण झाल्यापासून हा माणूस रोज माझ्या ताटासमोर बसून जेवला आणि एक अक्षर बोलला नाही. त्या दिवशी मला त्याचा राग आला की धाक वाटला, अजून सांगता येत नाही. आधी आठवले ते हिम्मतराव. ओसरीवरच्या पाटावर बसलेले, मान खाली घालून भात कालवणारे. लोक काय म्हणतील हे मला कुणी शिकवायला नको, बहुतेक वेळा ते मीच म्हणत असते. पण मग ते शिंपडलेलं पाणी आठवलं. आणि मलमलीवर वाकलेली ती दाढी, तेव्हा काळी होती.

मी येते म्हणून यांनी संध्याकाळीच हणमंतरावांना कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, नऊवारी नेसून, माझी औषधाची चांदीची पळी कमरेला खोचून मी देवडीवर गेले.

हणमंतराव तिशीचा खादीतला पोरगा. डोळ्यांत खोट नव्हती, अक्कल मात्र पुस्तकातली होती. मला खुर्ची दिली. चिलमनीच्या, म्हणजे बांबूच्या चिकाच्या, मागे बेगमसाहेबा बसल्या होत्या, त्यांच्या बांगड्या तेवढ्या ऐकू यायच्या. दस्तगीरमियाँ भिंतीशी उभे, दाढी पांढरी, शेरवानीचं एक बटण नाही. माझ्याकडे बघेनात.

हणमंतराव म्हणाले, आजीबाई, तुम्हाला या वयात त्रास देणं बरं वाटत नाही, हा विषय तुमच्यासारख्या बाईंचा नव्हे.

मी म्हटलं, "तुम्ही कधी चाखलीत का हो?"

ते म्हणाले, त्यांची शपथ आहे, दारूला शिवणार नाहीत.

"चांगली शपथ आहे. मी पण तशीच होते, काल दुपारपर्यंत. पण न चाखता माणसाला चोर ठरवायची शपथ तर नाही ना घेतलीत?"

चिलमनीमागे बांगड्या वाजल्या. पोरगा लाल झाला, पण माणूस सरळ होता. त्याने न्यायाने केलं. कुठल्या घोड्यावरची बाटली माझ्या कुठल्या बाळंतपणात गेली, ते दस्तगीरमियाँकडून त्याने आदल्या दिवशीच लिहून घेतलं होतं. तो कागद खिशात ठेवून त्याने दस्तगीरमियाँना आणि यांना बाहेर अंगणात पाठवलं, पडद्याआड तीन प्याले भरले, आणि त्यांची जागा बदलून माझ्यापुढे ठेवले. रंग दिसू नये म्हणून प्याल्यांभोवती फडकी गुंडाळली. म्हणाला, कुठली कुणाच्या वेळची ते सांगा. तिन्ही जुळली तर मी मानेन.

मी पळी काढली. पहिल्या प्याल्यातले दोन थेंब वरून तोंडात सोडले. जांभळाच्या सालीसारखी जीभ ओढली गेली, मागून मिरी लागली. लीला. त्यात शंकाच नव्हती. लीलाच्या वेळी मी म्हटलं होतं की हे औषध चावतं.

दुसरी घेतली. सुकं अंजीर, सुंठ, जरा करपलेला गूळ. ही कुसुम असावी, असं वाटलं. तिसरी घेतली, आणि पळीत काहीच नाही. गोडसर पाणी. पुन्हा घेतली. पुन्हा तेच. बाळकृष्णाच्या वेळचं औषध असं नव्हतं, ते डोक्यात चढायचं. मनात आलं, हॉटेलवाला खरं बोलला. पाणीच आहे हे. आणि दुसरी तरी कुसुमच कशावरून?

मी पळी पदराला पुन्हा पुन्हा पुसत राहिले. हणमंतरावांनी खिशाला हात लावला.

तेवढ्यात अंगणातून दस्तगीरमियाँचा आवाज आला. दाराच्या फटीतून माझा हात दिसला असावा. "चमचे में नक्को, बाईसाहेब. बास कू गिलास होना."

हणमंतरावांनी त्यांना दटावलं. पण म्हणणं खरं होतं, वास घ्यायचा तर प्यालाच हवा. हिंगाचा वाससुद्धा मी बेगम बाजारात चिमटीत नाही घेत, डबीत नाक घालून घेते. देवडीतल्या प्याल्याला मी ओठ लावलेला नव्हता कधी, पाणीसुद्धा घेतलेलं नव्हतं तिथलं. पळी मांडीवर ठेवली, प्याला उचलला आणि आत नाक घातलं.

काय सांगू. संत्र्याची वाळकी साल, जुनं चंदन, भाजलेला अक्रोड. एक घोट घेतला. गोडी केव्हाच उतरून गेलेली, अंगातला राग गेलेला. आणि घोट उतरल्यावर, सगळ्यांत शेवटी, घशाच्या तळाशी ती कडूशी खूण. तीच. बाळंतिणीच्या खोलीतला ओव्याचा धूर आला मला, देवडीच्या दिवाणखान्यात बसून. तीन दिवसांनी डोळे उघडले तेव्हा जगातली पहिली चव मला हीच लागली होती, आणि त्यानंतर कुशीत बाळकृष्ण दिसला.

"ही बाळकृष्णाची," मी म्हटलं. "मधली कुसुम, ही पहिली लीला."

हणमंतरावांनी कागद उघडला, वाचला, पुन्हा वाचला. म्हणाले, पण मग रंग.

मी सांगितलं, लीलाच्या वेळी पहिली शिशी संपल्यावर दुसरी आली, ती बाळकृष्णाच्या औषधाची होती. तेव्हा मी यांना विचारलं होतं की हे औषध जुनं झालंय का, रंग उतरलाय, पण पिताना मऊ लागतं. तेव्हा नवाबसाहेब हयात होते. त्यांच्या डोळ्यांदेखत रंग उतरत होता, त्याला दस्तगीरमियाँ काय करणार? तुमचा पण उतरेल. मग बाटली मागून घेतली, तळाचा गाळ बोटावर घेतला आणि त्यांच्यापुढे धरला. माती असती तर दाताखाली कचकचली असती. हे कांद्याच्या सालीसारखे पापुद्रे होते, बोटावर चुरगळून जाणारे. रंग गेला कुठे विचारता ना, म्हटलं, हा बघा, तळाशी बसलाय.

पोराने दस्तगीरमियाँना आत बोलावलं, आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माझी चूक झाली." मग माझं सांगणं लिहून काढलं, आणि मी खाली सही केली. अंगठा नाही, सही. सावित्रीबाई, पाचही अक्षरं.

दुसऱ्या दिवशी दारात टांगा थांबला. उघडलेली बाटली लिलावात जात नाही, म्हणून बाळकृष्णाच्या वेळची ती बेगमसाहेबांनी माझ्याकडे पाठवून दिली होती. दस्तगीरमियाँ ओसरीवर टेकले. योगायोग असा की हिम्मतरावही तिथेच बसलेले. बातमी लागल्याशिवाय थोडेच आले असणार? पण हसले नाहीत. बाटलीकडे बघत होते.

दस्तगीरमियाँनी बाटली माझ्या हातात दिली आणि उठेनात. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "एक बात पूछूँ, बाईसाहेब? कैसी रहती वो?"

चाळीस वर्षं या माणसाने ती उन्हापासून, किडीपासून, हलण्यापासून जपली होती, आणि कशासाठी ते त्याला ठाऊक नव्हतं. मी उंबऱ्यातच बसले आणि सांगितलं. लीलाची कशी चावते, कुसुमची कशी सुंठीवर जाते. बाळकृष्णाची सांगताना मला वेळ लागला. म्हटलं, पहिल्यांदा प्याले तेव्हा फार रागीट होती. आता जोर गेला, रंग गेला, पण शेवटी घशात जे उरतं ते तेच आहे. ते डोळे मिटून ऐकत होते. हिम्मतरावही ऐकत होते, हातातली सुपारी तशीच धरून.

"अच्छी रखी ना मैंने?" दस्तगीरमियाँनी विचारलं.

"अच्छी रखी."

चुलीवर भात झाला होता. मी आत जाऊन पाट मांडले आणि तिथूनच म्हटलं, दोघंही आत या, ताटं वाढते आहे. हिम्मतरावांना वेगळं सांगितलं की वास येत असेल तर आधी चूळ भरा. ते म्हणाले, "वहिनी, वास तर आज तुमच्या हाताला येतोय." मी पदराला हात पुसले आणि बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांना आतल्या पाटावर वाढलं.

बाटली औषधांच्या फडताळात उभी केली आणि तिच्यावर कागद चिकटवला. मोठ्या अक्षरांत, माझ्या हाताने लिहिलं, दारू. पुन्हा या घरात मला कुणी फसवायला नको.