भुताच्या गाऊनला रफू

रफूवाल्या काकूंना माणूस दिसायच्या आधी त्याच्या कपड्याचं भोक दिसायचं. ड्रायक्लिनिंगच्या दुकानाच्या मागच्या खोलीत, खिडकीशी बसून उभा जन्म त्यांनी लोकांच्या कोटांची भोकं बुजवली होती आणि त्या भोकांमागच्या चौकशा केल्या होत्या. सिगारेटनं जळलं की खिळ्याला अडकलं? कोट नवऱ्याचा का? मग तुम्ही का आलात, त्यांना काय झालं? गिऱ्हाईक कोट न्यायला येईपर्यंत कोट धड झालेला असे आणि गिऱ्हाइकाच्या घरची इत्थंभूत बातमी काकूंकडे जमा झालेली असे.

अशा बाईच्या पोटच्या पोरानं तिला कोडं घालावं, म्हणजे मांजरासमोर दुधाची वाटी ठेवून वर झाकण लावण्यातला प्रकार. मुलगा एका मोठ्या अम्युझमेंट पार्कात पाळण्यांचा मेकॅनिक होता. एका सकाळी डबा पिशवीत घालता घालता तो पिशवीलाच सांगितल्यासारखा म्हणाला, "रविवारी तिला घरी आणतोय."

"तिला म्हणजे?"

"तिला म्हणजे तिला. आई, प्रश्न नकोत हं."

"बरं बाबा, नाही विचारत. करते काय ती?"

"झाला ना प्रश्न! पार्कातच आहे. सध्या हॅलोविनचा हंगाम चालू आहे ना, भूतबंगल्यात असते."

"तिकिटं फाडते?"

"नाही. भूत आहे." आणि पायात बूट अडकवून स्वारी पसार.

काकूंना सून भूत असण्याचं काही नव्हतं. नोकरी ती नोकरी. त्यांची भीती वेगळीच होती. नवरा गेल्यापासून दोन खोल्यांत ती मायलेकरं दोघंच राहत होती. लग्न करून मुलगा वेगळा राहिला, तर संध्याकाळी कुलूप काढून आपण कुणाच्या घरात शिरायचं? विचारायचं होतं ते एवढंच, आणि नेमकं तेच तोंडातून बाहेर पडत नव्हतं. रविवारपर्यंत दम धरणं तर शक्यच नव्हतं. म्हणून गुरुवारी दुपारी दुकानातून सुट्टी घेऊन काकू पार्काच्या फाटकाशी हजर झाल्या. सोबतीला धाकटी जाऊ होती, जी स्वतःच्या घराची बेल वाजली तरी दचकायची.

"ताई, मी बाहेर बाकावर बसते. तुम्ही या बघून," जाऊबाई म्हणाल्या.

"आणि मला बाधा झाली तर उतरवणार कोण? चल मुकाट्यानं."

फाटकाच्या आत जिकडे तिकडे प्लॅस्टिकचे भोपळे दात विचकत होते आणि दिव्याच्या खांबांना कापसाची जळमटं लावली होती. "घरची जळमटं काढून हात मोडले आपले, आणि हे लोक विकत आणून लावतात," असं म्हणत काकूंनी एक जळमट बोटांत चोळून पाहिलं. डोक्यात कुऱ्हाड रुतलेला एक माणूस कडेला उभा राहून बिस्किटं खात होता. काकूंनी त्याला भूतबंगला कुठे ते विचारलं, वर कुऱ्हाड डोक्याला टोचते का तेही विचारलं. टोचत नाही, घाम मात्र फार येतो, असं कळलं. काकूंना पार्क आवडायला लागलं होतं.

भूतबंगल्याच्या दारावरच्या पोऱ्यागत दिसणाऱ्या रखवालदारानं नियम सांगितले. भुतांना हात लावायचा नाही, भुतं तुम्हाला हात लावणार नाहीत. भुतांशी बोलायचं नाही. बोललात तरी ती उत्तर देणार नाहीत, कारण मुखवटा चढवल्यावर शब्द काढायची त्यांना बंदी आहे. घाबरलात तर खुशाल ओरडा.

"ऐकलंत ना ताई? बोलायचं नाही," जाऊबाई कुजबुजल्या.

"मी कुठं बोलणार आहे? मी विचारणार आहे."

आत अंधार होता आणि खालून थंड वारा सुटला होता. पहिल्या दालनात मुंडकं काखेत धरलेला एक आचारी सुरा परजत अंगावर आला. जाऊबाईंनी अशी किंकाळी फोडली की आचारीच एक पाऊल मागे सरला. काकूंनी त्याला पायापासून काखेपर्यंत न्याहाळलं. "पुरुष आहे. पुढं चल." दुसऱ्या दालनात शवपेटीतून एक बाई उठून बसली. काकू वाकल्या. "लग्न ठरलंय का गं तुझं?" बाईनं बोटातली अंगठी दाखवली आणि दोन बोटं वर केली. "दोन मुलं. ही नव्हे," काकूंनी निकाल दिला.

तिसरं दालन म्हणजे आरशांची अरुंद खोली. हिरवट दिव्याखाली पांढऱ्या गाऊनातली एक उंच भुतीण हात पसरून उभी होती. ती जे काही विव्हळली, त्यानं जाऊबाई काकूंच्या पाठीला पोस्टाच्या तिकिटासारख्या चिकटल्या. पण काकूंची नजर गाऊनच्या कमरेवर खिळली होती. तिथं वीतभर फाटलं होतं आणि आत लाल उजेड होता.

"अगबाई, केवढं फाटलंय! आणि अशीच उभी राहतेस चारचौघांत?"

भुतीण पुन्हा विव्हळली.

"हो हो, कळलं. हल्ली नीट शिवतात कुठं? हात वर कर."

नियम काकूंनी ऐकले होते, पण फाटलेलं दिसलं की त्यांचे हात त्यांना विचारत नसत. जाकिटाच्या कॉलरच्या आतून त्यांनी दोरा ओवलेली सुई काढली. सुई पाहताच भुतीण एकदम गप्प झाली. क्षणभर थांबून तिनं खरोखरच हात वर केला, आणि काकूंनी खाली बसून रफू करायला घेतला.

हात कामाला लागले की काकूंची जीभ सुटायची. "इथंच एक मुलगी आहे म्हणे. माझा मुलगा तिला रविवारी घरी आणतोय. ओळखतेस?"

भुतीण विव्हळली. आवाज जरा खाली आला होता.

"स्वभावानं कशी आहे?"

या वेळचं विव्हळणं खूप लांबलं आणि शेवटी वर चढलं.

"बरी आहे म्हणतेय," काकू म्हणाल्या.

"वाईट आहे म्हणतेय," पाठीमागून जाऊबाई म्हणाल्या.

"तुला भुतांचं काय कळतंय? बरं, मला एक सांग." काकूंचा टाका थांबला. स्वतःच्या पोराला इतके दिवस विचारता आलं नव्हतं ते अंधारात, एका मुखवट्यापुढं आपोआप बाहेर पडलं. "ती दोघं वेगळं राहणार आहेत का गं?"

एवढ्यात पडदा सरकला आणि कॉलेजच्या पोरापोरींचा एक घोळका आत शिरला. समोर हात वर केलेलं भूत, आणि त्याच्या कमरेशी बसून, दोरा दातांत धरून, एक म्हातारी त्याचं पोट शिवतेय! घोळका असा बोंबलला, की छतावरची धूळ खाली आली. एकजण आरशावर आपटला आणि आरशाचीच माफी मागून पळाला. आल्या वाटेनं सगळे गायब झाले. "इथं फार भारी भूत ठेवलंय!" असं बाहेर कुणीतरी ओरडताना ऐकू आलं. ते भूत म्हणजे आपण, हे कळायला काकूंना जरा वेळ लागला.

खोली पुन्हा शांत झाली. भुतिणीनं पडद्याकडे पाहिलं आणि मुखवटा कपाळावर सरकवला. आत घामानं डबडबलेला, नाकाचा शेंडा लाल झालेला साधासा चेहरा होता.

"काकू, हे मुद्दाम फाडलंय. आतला दिवा दिसायला हवा ना."

"मुद्दाम? चांगलं कापड?" काकूंनी कपाळावर हात मारला. "मग सांगायचं नाही का?"

"सुई बघितली आणि ओळखलं तुम्हाला. त्यानं सांगितलं होतं, आई सुई लावूनच फिरते. मग बोलायला जीभच वळेना." तिनं पुन्हा एकदा पडद्याकडे नजर टाकली. "मी बोलले हे कुणाला कळलं तर आज घरी पाठवतील मला. पण तुम्ही विचारलंत ते... हो. वेगळं राहणार आहोत. माझी आई अंथरुणाला खिळलीय, तिला सोडून मला कुठंच जाता येणार नाही. तो माझ्याकडे येणार आहे. तुम्हाला कसं सांगायचं म्हणून महिनाभर झुरतोय. म्हणून म्हणाला असेल, प्रश्न नकोत."

जाऊबाई भीती विसरून पुढे आल्या आणि त्यांनी काकूंच्या खांद्यावर हात ठेवला.

काकूंना राग यायला हवा होता. तो आला नाही. आपल्या आईला सोडणार नाही म्हणणारी पोरगी, हिला नावं ठेवायला जागा कुठं होती? त्यांनी शोधून पाहिली, सवयच होती तशी. सापडली नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त लागलं. वाईट निघाली असती तर भांडता तरी आलं असतं.

त्यांनी नुकतेच घातलेले टाके एकेक करून उसवले. कापड पुन्हा उघडलं, लाल दिवा दिसायला लागला.

"रविवारी ये," त्या म्हणाल्या. "आणि हे बघ, मी आले होते हे त्याला सांगू नकोस. मला काही माहीत नाही. त्याचं त्याला सांगू दे. आईला सांगायचं धाडस एकदा तरी त्यानं करायला हवं."

"आणि तुम्ही काय म्हणाल?"

"ते रविवारी बघू. अजून मला तरी कुठं ठाऊक आहे?"

पलीकडे पावलं वाजली. मुलीनं घाईघाईनं मुखवटा खाली ओढला. पडदा सरकला, नवी माणसं आत आली, आणि ती हात पसरून अशी विव्हळली की सगळेच्या सगळे किंचाळले. त्या गलक्यात काकूही किंचाळल्या. पोटातून, डोळे मिटून, बाकीचे थांबले तरी त्या थांबल्या नाहीत. नवरा गेला तेव्हाही त्या अशा ओरडल्या नव्हत्या. तेव्हा मुलगा लहान होता आणि भिंती पातळ होत्या. इथं कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही.

बाहेर उन्हात आल्यावर जाऊबाईंनी त्यांना बाकावर बसवलं, पाण्याची बाटली हातात दिली आणि डोळे मोठे करून विचारलं, "ताई, तुम्ही घाबरलात?"

काकू घोटभर पाणी प्यायल्या.

"हो गं," त्या म्हणाल्या. "फार घाबरलेय."