हिमवादळात वाट दाखवणारी घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. पण अडगळीत पडलेली नव्हे हं! व्होल्गा नदीकाठच्या वेरेशिनो गावात, चर्चच्या उंच मनोऱ्यात मी आजही ताठ मानेने टांगलेली आहे. माझा आवाज पैलतीरावरच्या खेड्यांत पोहोचतो.

झार अलेक्सेई मिखायलोविच यांच्या काळात ओसिप नावाच्या ओताऱ्याने मला घडवले. तांबे कमी पडले, तेव्हा गावातल्या बायकांनी आपली पातेली आणि पळ्या आणून भट्टीत टाकल्या. माझ्या पोटावर मात्र नाव कोरले गेले ते झारचे. मला त्याचा केवढा अभिमान वाटला!

तेव्हापासून राजगादीवर कुणीही बसो, आनंदाची पहिली वर्दी मीच देई. एकदा तर दोन लहान भावांना एकदमच गादीवर बसवले. "एका गादीवर दोघं? आमच्या घरी एका बाकावर दोघं भाऊ धड बसत नाहीत!" म्हणून बाजारातल्या बायका खूप हसल्या. त्यातला धाकटा म्हणजे पीटर. पुढे स्वीडनकडून हार झाली, तोफा गेल्या आणि त्याने देशभरातल्या चर्चच्या घंटांपैकी चौथा हिस्सा धातू मागून घेतला. माझ्या दोन धाकट्या बहिणी त्या वेळी गेल्या. त्यांच्या तोफा झाल्या. विजयाची बातमी आली तेव्हा मी एकटीच वाजले, आणि तिघींच्या वाटचे वाजले.

पीटरनंतरच्या सत्तर वर्षांत चार बायकांनी राज्य केले. पहिली कॅथरीन, ॲना, एलिझाबेथ आणि दुसरी कॅथरीन. गावातला कुणी नवरा आवाज चढवू लागला, की बायको खिडकीतून माझ्याकडे बोट दाखवी, "ऐकलंस? ती कुणासाठी वाजतेय?" की स्वारी गुपचूप लाकडे फोडायला जाई. पुढे नेपोलियनची फौज माघारी पळाली, तेव्हा मी तीन दिवस घुमत होते. आणि दुसऱ्या अलेक्झांडरने शेतावरच्या गुलामांना मोकळे केल्याचा हुकूम वाचला गेला, त्या दिवशी म्हातारी माणसे मनोऱ्याखाली उभी राहून ढसाढसा रडली. जमिनीचे पुढे काय, हे कुणालाच ठाऊक नव्हते. पण त्या दिवशी प्रत्येकाला एकेकदा माझा दोर ओढायचा होता.

मग शेवटचा झार दुसरा निकोलस गादीवरून उतरला. त्या दिवशी मला कुणी वाजवलेच नाही.

तेरा वर्षांनी नव्या सरकारचा प्रोखोर नावाचा एक अधिकारी गावात आला. त्याने चर्चला कुलूप लावले, मनोऱ्याच्या दारावर लाखेची मोहर ठोकली आणि जाहीर केले, "ही झारची घंटा आहे. पुढल्या आठवड्यात माणसं घेऊन येतो आणि उतरवतो. वितळवून यंत्रांना उपयोगी पडेल. तोवर मोहर तोडेल तो थेट तुरुंगात!"

माझा दोर सांभाळणारी फेवरोन्या मावशी गर्दीत उभी होती. तिचा नवरा घंटा वाजवायचा. तो लढाईत मारला गेला, तेव्हापासून तिने दोर हाती घेतला होता.

आठवड्याने, भर दुपारी, हिमवादळ उठले. नदी गोठलेली होती आणि कडेचे झाडही दिसत नव्हते. पैलतीरावरून प्रोखोरच्या चार घसरगाड्या निघाल्याचे गावाला ठाऊक होते. फेवरोन्या मावशी कुऱ्हाड घेऊन मनोऱ्याकडे निघाली. शेजारीण ग्लाफिराने तिचा दंड धरला.

"अगं, वेड लागलंय का तुला? घंटा न्यायलाच येताहेत ते! चुकू देत वाट. आयतीच पीडा टळेल."

"वाट चुकलेला माणूस आधी घरी आणायचा असतो, ग्लाफिरा. भांडायचं ते नंतर."

"आणि तुरुंगात टाकलं तर?"

"तर माझ्या कोंबड्यांना दाणे घाल."

एका घावात मोहर फुटली. मावशीने माझा दोर ओढला आणि मी गर्जले! तिचे तळहात सोलले, दोर लाल झाला, तरी ती थांबली नाही. थोड्या वेळाने खाली पावले वाजली. ग्लाफिरा वर आली होती. "सरक," ती म्हणाली, "तुझी कंबर मोडली तर कोंबड्या माझ्याच गळ्यात पडायच्या." चार तास दोघींनी आळीपाळीने मला वाजवले.

अंधारायच्या आत घोडे फुरफुरले. सात माणसे, चार गाड्या. सगळे आले! प्रोखोरच्या मिशांना बर्फ लटकत होते. त्याने तुटलेल्या मोहरेकडे पाहिले.

"कुणी तोडली?"

"मी," मावशी म्हणाली.

"मीपण होते," ग्लाफिरा म्हणाली.

प्रोखोरने टोपी काढली. "नदीच्या मधोमध आम्ही गोल गोल फिरत होतो, मावशी. घोडे आवाजाकडे वळले म्हणून वाचलो." मग तो हळूच म्हणाला, "गरम काही मिळेल का?"

"कोबीचं सार आहे. आधी बूट झटका!"

सकाळी त्याचा एक माणूस छिन्नी घेऊन वर चढला. "निदान झारचं नाव तरी खरवडतो." मावशी आडवी आली. "नाव त्याचं असेल रे, पण तांबं आमच्या खापरपणज्यांच्या पातेल्यांचं आहे. काल सार ओरपलंस ना? तशाच पातेल्यांचं!" प्रोखोर मोठ्याने हसला. छिन्नी पिशवीत गेली. त्याने कागदावर लिहिले, 'वादळाची आणि आगीची घंटा. जागेवरून हलवू नये.' आणि जाण्यापूर्वी सातही जणांनी एकेकदा मला वाजवले. इतका थाट मला एकाही राज्याभिषेकाला वाटला नव्हता.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर कुणाचे नाव आहे एवढ्यावरून तिचे मोल ठरवू नका. तिचा दोर कोरडा ठेवा, गंज पुसा, आणि तिला काम द्या. आम्हांला दुसरे काही नको असते. गेल्या हिवाळ्यातच वादळात मी दोन कोळी आणि त्यांचा कुत्रा सुखरूप घरी आणला. कुत्रा सगळ्यांच्या आधी पोहोचला!