पानाच्या डब्यातली ताकदीची गोळी

"मेलं झाकण. रोज रोज काय रुसायचं ते," आनंदीबाई माझ्या तोंडावरच पुटपुटल्या आणि मला मांडीत दाबून धरून पुन्हा ओढू लागल्या.

मित्रांनो, तो रुसका डबा म्हणजे मी. पितळेचा, पानाचा, आणि वयाने घरातल्या सगळ्यांहून मोठा. खरं सांगायचं तर माझं झाकण अजून सहज उघडतं. रुसली होती ती आनंदीबाईंची बोटं. पण स्वतःच्या बोटांना बोल लावायची त्यांना सवय नाही, म्हणून मी ऐकून घेतो.

माझा जन्म राजापूरच्या एका तांबटाच्या दुकानात झाला. त्याने मला ठोकून ठोकून गोल केलं आणि माझ्या पोटात खण पाडले. एक सुपारीचा, एक काताचा, एक लवंगांचा आणि मधोमध चुन्याची डबी. आनंदीबाईंच्या सासऱ्यांनी मला मालगुंडजवळच्या घरी आणलं आणि पडवीत माझी जागा ठरली. पडवीत कोणी टेकलं की त्याचा पहिला हात माझ्याकडे यायचा. पानाच्या डब्याला कुलूप नसतं आणि पान घ्यायला कोणी विचारतही नाही. विचारलं तर घरच्यांनाच वाईट वाटतं. कलमांचे सौदे झाले, सोयरिकी जुळल्या, बांधावरची भांडणं मिटली, ती सगळी माझ्याभोवती बसून. सणाआधी मला आमसुलाच्या पाण्याने घासायचे. मग मी असा झळकायचो की पाहुणे आधी माझी चौकशी करायचे आणि नंतर घरच्यांची.

पुढे जुनी माणसं गेली. तरणे मुंबईला गेले आणि तिकडे त्यांना पान थुंकायला जागा उरली नसावी. माझ्या कोपऱ्यांत हिरवट डाग धरले. लवंगांच्या खणात कोणी गुंड्या टाकल्या, कोणी सेफ्टी पिना. जेवणानंतर एक पान तेवढं आनंदीबाई खायच्या, त्या एका पानावर मी डबा म्हणून जगत होतो.

तीनेक वर्षांमागे तेही थांबलं. आनंदीबाईंचा मुलगा सर्वेश मुंबईहून आला आणि त्यांना रत्नागिरीला घेऊन गेला. तिथून पुढे मोठ्या इस्पितळात. बऱ्याच महिन्यांनी त्या परत आल्या तेव्हा केस बारीक झाले होते आणि पदर त्या वेगळ्याच बाजूने घट्ट धरत होत्या. गावात सांगितलं, गाठ काढली. गावानेही गाठ एवढंच ऐकलं. गाठ कसली, हे विचारायला कोणाची जीभ वळली नाही.

डॉक्टरीणबाईंनी एक बारकी गोळी दिली होती. ती रोज घ्यायची, आणि काही वर्षं घ्यायची. सर्वेशने माझ्या शेजारी बसून, मान खाली घालून आईला समजावलं होतं. पाळी जाऊन वर्षं लोटली तरी बाईच्या अंगात एक द्रव्य थोडं थोडं तयार होत राहतं, आणि आईचा आजार त्याच्यावरच पोसणारा आहे. ही गोळी ते द्रव्य तयारच होऊ देत नाही. मुलाने आईला असं सांगणं सोपं नव्हे. तो अर्धं माझ्याकडे बघून बोलला.

पान बंद झालं होतं, पण जेवणानंतर माझ्याकडे येणारा हात काही बंद होईना. म्हणून आनंदीबाईंनी गोळ्यांची पट्टी सुपारीच्या खणात ठेवली. हात आला की गोळी आठवायची. युक्ती चांगली होती. मला पुन्हा रोज उघडू लागले, मला बरं वाटलं.

पण दुसरी एक गोष्ट त्यांनी केली ती मला रुचली नाही. धाकट्या लेकीचं, दिशाचं, लग्न बघत होते. आजाराचं नाव सोयऱ्यांच्या कानी गेलं तर काय, या धाकाने गोळीचं छापील खोकं चुलीत गेलं. कोणी विचारलं तर सांगायचं, ताकदीच्या गोळ्या आहेत. दिशालासुद्धा हेच. लग्न झालं, ती खेडला नांदायला गेली. मग सर्वेश म्हणाला, नवीन संसार आहे, एवढ्यात नको. मग गोड बातमी आली. मग ठरलं, अशा दिवसांत तर नकोच. असल्या गोष्टी सांगायला चांगला दिवस शोधत बसलं, तर तो कुठल्याही पंचांगात निघत नाही.

इकडे गोळी आपलं काम करत होती आणि त्याचा त्रासही देत होती. सकाळी आनंदीबाईंची मूठ मिटेना. खवणीवर नारळ धरताना बोटांतून कळ निघायची. बसल्या बसल्या अंगातून वाफा निघाल्यासारखं व्हायचं, घाम फुटायचा आणि त्या पदराने वारा घेत राहायच्या. हे गोळीनेच होतंय हे त्यांनी बरोबर ओळखलं. त्यावरचा उपाय मात्र त्यांनी स्वतःच काढला. भाताची कामं असली की गोळी नाही. घरात सण असला की गोळी नाही. मला उघडायच्या, पट्टीकडे बघायच्या आणि परत मिटायच्या.

मागल्या खेपेला त्यांनी डॉक्टरीणबाईंना हे सांगून टाकलं. बाई रागावल्या नाहीत, एवढंच म्हणाल्या की दुखतं तेव्हाच यायचं होतं. दुखण्यावर उपाय असतो, वेळ पडली तर गोळीही बदलता येते, पण आपल्या मनाने सोडायची नाही. हाडं ठिसूळ होऊ शकतात म्हणून हाडांची तपासणी लिहून दिली. कॅल्शियम घ्या, रोज चाला, आणि कोणी दिलेली चूर्णं विचारल्याशिवाय पोटात ढकलू नका. मग घरात कोण कोण असतं, असं विचारलं. लेक बाळंतपणाला येणार म्हटल्यावर बाई गंभीर झाल्या. ही गोळी पोटुशीच्या पोटात जाता कामा नये, बाळाला अपाय होईल, वेगळी ठेवा. आनंदीबाई हो म्हणून आल्या. संध्याकाळी सर्वेशला फोनवर त्या हे सगळं सांगत होत्या, म्हणून मला ठाऊक.

वेगळी ठेवायची तर कुठे? आणि दिशाने विचारलं, ताकदीची गोळी लपवतेस कशाला, तर काय सांगायचं? पट्टी माझ्यातच राहिली.

दिशा सातव्या महिन्यात आली. ओठ पांढरे, डोळ्यांखाली काळं. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या तिला उलटून पडायच्या. सखूआत्या, म्हणजे आनंदीबाईंच्या नणंद, दोन घरं टाकून राहतात आणि दुपारच्या चहाला येतात. भाचीचं तोंड बघून त्यांचा जीव कळवळला. आत्यांची माया अशी, की ती कुणाला विचारायला थांबत नाही. आनंदीबाई मागल्या दारी तांदूळ पाखडत होत्या. आत्यांनी मला पुढे ओढलं. लहानपणापासून त्या मला असंच ओढत आल्या आहेत, कोणाची परवानगी लागली नाही.

मित्रांनो, मला तोंड आहे, पण ते फक्त उघडमीट करायला. नाहीतर तेव्हाच ओरडलो असतो. औषधाला त्याच्या खऱ्या नावानिशी ठेवा रे. ज्याची गोळी त्यालाच द्या, आणि जिथे सगळ्यांचे हात जातात तिथे ती ठेवू नका. मी पानाचा डबा. मी कुणाला नाही म्हणायला शिकलोच नाही.

आत्यांनी एक गोळी काढून दिशाच्या तळव्यावर ठेवली. ही बारकीशी आहे, उलटायची नाही, म्हणाल्या. "तुझ्या आईला हिनेच उभी केली, गो."

दिशाने पाण्याचं भांडं उचललं. तेवढ्यात आनंदीबाई सूप घेऊन दारात आल्या.

"टाक ती," त्या म्हणाल्या. "तारीख उलटलीय तिची."

आत्यांनी पट्टी उजेडाला धरली. "मग तू कशी गो खातेस रोज? थांब, ही दुसरी पट्टी आहे बघ, नवीन." आणि त्या नवी फोडायला लागल्या.

दिशाला हसू आलं. "आई, लेकीला ताकदीची एक गोळी द्यायला एवढा हात आखडता?" तिने तळवा तोंडाशी नेला.

सूप खाली पडलं. आनंदीबाईंनी तिचं मनगट धरलं होतं. तांदूळ पडवीभर पसरले आणि कोणी ते भरायला वाकलं नाही. दिशाचं हसू तसंच अर्धं राहिलं. आत्यांनी मान खाली घातली. दोरीवर वाळत घातलेल्या पोलक्याची एक बाजू कापसाने भरलेली असते, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं आणि कधी विचारलं नव्हतं.

"ताकदीची नाही ती," आनंदीबाई म्हणाल्या. "मला छातीचा कॅन्सर झाला होता, दिशा. ही कॅन्सरची गोळी आहे."