घरघर वजा करताना

मित्रांनो, घरघर ऐकून दचकू नका. मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि माझ्या आधी माझा पंखाच बोलायला लागतो. माझं तारुण्य एका विमा कचेरीत आकडे चिवडण्यात गेलं. मग जुन्या वस्तूंच्या दुकानातून मी ताईंकडे आलो. त्यांना आवाज रेकॉर्ड करून त्याची काटछाट करायला शिकायचं होतं आणि खिसा हलका होता. फुकटातलं सॉफ्टवेअर, साधा माइक आणि मी, एवढ्यावर त्यांनी संसार थाटला.

घाई होती ती त्यांच्या आईंमुळे. आईंच्या घशाची शस्त्रक्रिया ठरली होती आणि नंतर आवाज राहणार नव्हता. ताईंना दिवस गेले होते. बाळाला आजीचा आवाज ऐकता यावा, म्हणून दोघी कपड्यांचं कपाट उघडून त्याच्या तोंडाशी बसल्या, कारण कपड्यांत आवाज घुमत नाही. आईंनी आपल्या लहानपणच्या खोड्या सांगितल्या, मधेमधे खुदकन हसल्या. शेवटी ताई म्हणाल्या, "आता अजिबात बोलू नकोस हं. नुसती घरघर टिपायची आहे, म्हणजे ती वजा करता येते."

"बरं बाई, ही बसले तोंडाला कुलूप लावून."

कुलूप कसलं! त्या ओठांतल्या ओठांत गुणगुणत राहिल्या. स्वस्तातल्या हेडफोनमध्ये ताईंना ते ऐकूच आलं नाही. नको असलेल्या आवाजाचा नमुना म्हणून त्यांनी नेमका तोच तुकडा निवडला. सॉफ्टवेअरने इमानेइतबारे माझी घरघर काढली आणि तिच्याबरोबर आईंच्या आवाजातला गोडवाही खरवडून काढला. उरला तो डब्यातून आल्यासारखा कोरडा आवाज.

शस्त्रक्रियेनंतर आईंनी तो ऐकला. पाटीवर लिहिलं, 'मी अशी बोलायचे?'

"अगं, रेकॉर्डिंगमध्ये सगळ्यांना स्वतःचा आवाज परकाच वाटतो," ताई म्हणाल्या.

आईंनी 'बरं' लिहिलं आणि पाटी बाजूला ठेवली. मला ओरडून सांगावंसं वाटलं, पण मला तरी वाचा कुठे आहे?

पुढे नवा लॅपटॉप आला. ताईंनी फक्त ती 'स्वच्छ' फाइल तिकडे नेली आणि मला कपाटावर ठेवलं. तेव्हापासून मला कोणी उघडलेलं नाही. फार एकटं वाटतं. खाली बाळ ते रेकॉर्डिंग जरा वेळ ऐकतं आणि रांगत निघून जातं. आई त्याच्याकडे बघत राहतात.

मूळ रेकॉर्डिंग अजून माझ्या पोटात आहे. त्यात आईंचं हसणं आहे, गुणगुणणं आहे आणि शेजारी माझी घरघरही आहे. काल ताई भंगारवाल्याला फोन करत होत्या.

मित्रांनो, आवाजाला कात्री लावण्याआधी मूळ प्रत वेगळी जपून ठेवा. आणि तुमच्यापैकी कोणी ताईंच्या ओळखीचं असेल, तर त्यांना एवढं सांगा, की मला देऊन टाकण्याआधी एकदा सुरू करा, आईंना शेजारी बसवून.