खंडेनवमीला अडलेलं चाक

मी एक जुनी ट्रॉली आहे, मित्रांनो. दवाखान्यात पेशंटला निजवून आत ढकलत नेतात ना, ती. सोलापुरातल्या एका दवाखान्याच्या अपघात विभागात, अगदी दाराशी मी उभी असते. मी म्हातारी झाले, पण माझी भीती काही म्हातारी होत नाही. बाहेर रिक्षा करकचून थांबली की आजही माझे नटबोल्ट थरथरतात. कोण असेल? श्वास असेल ना?

एका वर्कशॉपात, वेल्डिंगच्या ठिणग्यांत माझा जन्म झाला. नवी होते तेव्हा माझं काय कौतुक! "वारा हाय वारा, हात लावला की पळती," असं सगळे म्हणायचे. पुढं रेक्झिन फाटलं, एक चाक कुरकुरायला लागलं, आणि कौतुक कुठल्या कुठं गेलं. माझा एक कठडाही वाकलाय. एका पेशंटच्या नातेवाइकानं रागात डॉक्टरवर खुर्ची उगारली होती, ती माझ्यावर बसली. माझ्यामागं डॉक्टर सबा उभी होती. मी मधे नसते तर? नको बाई, तो विचारसुद्धा नको.

सबा आमची तरुण डॉक्टर. पेशंट माझ्यावर निजला की माझ्या दांड्यावर हात ठेवून ती म्हणायची, "घाबरू नका, मी हाय हितं." त्या वेळी तिचा स्वतःचा हात बर्फासारखा गार असायचा. ते फक्त मला ठाऊक.

मोठी परीक्षा झाली आणि सबाचा नंबर चांगला लागला. आता पुढं शिकायला विषय निवडायचा होता. तिच्याबरोबरच्या अतीकनं एक्स-रे-सोनोग्राफी धरली, नाजनीननं त्वचारोग. इमर्जन्सी, म्हणजे माझ्या दारातलं काम, फार थोड्यांना हवं असतं. त्याच्या जागा म्हणे प्रवेशाच्या शेवटच्या फेरीपर्यंत रिकाम्या राहतात. रिक्षा तर येतच राहणार, मग दारात उभं कोण राहणार?

विषयांचा पसंतीक्रम मोबाईलवर भरून लॉक, म्हणजे कायमचा पक्का, करायचा शेवटचा दिवस नेमका खंडेनवमीला आला. त्या दिवशी आपल्याकडं हत्यारांची, यंत्रांची पूजा होते. आमच्या जगदेवी सिस्टरनं मलाही पुसून लख्ख केलं, हळद-कुंकू लावलं, आणि झेंडूची लांबलचक माळ माझ्या कठड्यावरून पार चाकापर्यंत सोडली. किती दिवसांनी कुणी मला नटवलं होतं! मी लाजलेच की.

तेवढ्यात सबाचे अब्बा आले. हुसेनसाब चादरींचा धंदा करतात. माणूस साधा, पण त्या खुर्चीच्या प्रसंगापासून त्यांची झोप उडाली होती.

"बेटा, त्वचारोग वर टाक. ह्या दारात लोकं हात उगारत्यात गं. मला रोज धडकी भरती."

"अब्बा, मलाबी भीती वाटती," सबा हळूच म्हणाली. तिनं त्वचारोग सगळ्यात वर घेतला, इमर्जन्सी खाली ढकलली. आता फक्त लॉक करायचं राहिलं होतं. बोलता येत नाही म्हणून काय झालं, माझा जीव नुसता तुटत होता.

आणि रिक्षा थांबली.

शिवप्पा नावाच्या माणसाला त्याचा भाऊ बसलिंगप्पा घेऊन आला होता. छातीत सकाळपासून दुखत होतं. घरच्यांनी गॅस समजून सोडा पाजला होता. शिवप्पा घामानं निथळत होता. त्याला माझ्यावर निजवलं, सगळ्यांनी मला ढकललं, आणि मी दोन हात पुढं जाऊन दारातच अडले! माळेचा दोरा चाकात गच्च गुंडाळला होता. मला नटवणारी ती माळच माझ्या पायातली बेडी झाली. शॉकचं यंत्र आतल्या खोलीत, आणि मी दारात. तेवढ्यात शिवप्पाचा श्वास थांबला, नाडीही लागेना.

आई गं! माझ्या अंगावर माणूस मरत होता आणि मला हलता येत नव्हतं.

सबानं वाट बघितली नाही. ती सरळ माझ्यावर चढली आणि दोन्ही हातांनी शिवप्पाची छाती दाबायला लागली. जोरात, थांबायचं नाव नाही. ते बघून बसलिंगप्पाचं डोकं फिरलं.

"माझ्या भावाला मारायलीय ही!" तो ओरडला आणि हात उगारून धावला.

उगारलेला हात मधेच धरला गेला. हुसेनसाब आडवे आले होते. त्यांची पकड सुटली नाही.

"मारत न्हाय रे बाबा, जगवायलीय ती! लेक हाय माझी. थांब की जरा!"

खाली जगदेवी सिस्टर कात्रीनं दोरा कापत होत्या. झेंडू चिरडले, चाक सुटलं, आणि सबा तशीच वर गुडघ्यांवर असताना त्यांनी मला आत ओढलं. शॉक दिला. काही नाही. सबा पुन्हा छाती दाबायला लागली. पुन्हा शॉक दिला, आणि शिवप्पा खोकला. देवा! बसलिंगप्पा मटकन खाली बसून लहान पोरासारखा रडायला लागला.

मग हुसेनसाब सबाजवळ येऊन म्हणाले, "मघाशी तू नसतीस तर हितं कोण होतं?"

जगदेवी सिस्टर चिरडलेली फुलं गोळा करत राहिल्या.

"भीती लई वाटती बेटा. अम्मीला काय सांगू, तेबी कळंना. पण ते खालचं वर घे."

सबानं इमर्जन्सी वर घेतली आणि लॉक केलं. तिला पुण्यात जागा मिळाली. जाताना तिनं माझ्या दांड्यावर हात ठेवला. तो अजून गारच होता. "सिस्टर, भीती काय जात न्हाय," ती म्हणाली, "पण हात चालत्यात."

आता जगदेवी सिस्टर फूल वाहतात ते माझ्या उशाशी, चाकाजवळ नाही. शिकून सबा परत येईल का? ठाऊक नाही. तिच्या जागी कधी कुणी असतं, कधी नसतं.

मित्रांनो, माझ्या चाकांना तेल घाला, माझी वाट मोकळी ठेवा. आणि कुणी डॉक्टर तुमच्या माणसाची छाती दाबताना दिसला, तर उगारलेला हात खाली घ्या. तुम्ही घाबरलेले असता, मला कळतं. पण तोही घाबरलेलाच असतो, आणि तरी उभा असतो.

थांबा. बाहेर रिक्षा करकचून थांबलीय. दारात आज कोण आहे, मला अजून दिसत नाही.