शिंपल्याचा चुरा

बोटाच्या दाबानं अंडं किंचित आत गेलं आणि बोट काढल्यावर पुन्हा वर आलं — कवच नव्हतंच त्याला, नुसता ओलसर पापुद्रा, आत पिवळं हलताना दिसत होतं. आजही. नवऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून चंद्रावतीनं ते पदराखाली धरलं, मग तिला आठवलं की गुरुदत्त जनावरांच्या डॉक्टरांना आणायला पनवेलला गेलाय आणि शेडमध्ये कोणी नाही… कोणी नाही कसं, बाबा होते.

सासरे, काशीराम, दाराशी घमेल्यात खाद्य कालवत बसले होते. मक्याचा भरडा, कोंडा, पेंड, सुकटीचा भुगा आणि शेवटी, कवच धरावं म्हणून, शिंपल्याचा चुरा. नेरे गावात कोंबड्या पाळायला लागल्यापासून हे काम त्यांचंच. शेतात उतरणं गुडघ्यांनी बंद केलं, बाकीचं एकेक करून मुलानं हातातून घेतलं, हे तेवढं उरलं. पण होळीनंतर एका सकाळी त्यांनी तिला विचारलं होतं, बैलांना पाणी दाखवलं का — आणि बैल तर विकून कितीतरी वर्षं झालेली. हे तिनं गुरुदत्तलाही सांगितलं नव्हतं. पुढं अंडी कमी झाली, मग पातळ कवचाची यायला लागली, उचलताना फुटायला लागली, आणि आता ही अशी. गुरुदत्त म्हणायचा, रोग शिरलाय, कोंबड्या काढून टाकू, शेड मोडू. ती ऐकायची आणि मनात एकच — शिंपला. बाबा शिंपला टाकायचा विसरतात. गोणीत हात घातला असता तर कळलं असतं… पण नाही घातला मी. कळल्यावर बोलावं लागलं असतं, बोलल्यावर ते घमेलं त्यांच्यापुढून उचलावं लागलं असतं, आणि मग हा माणूस दिवसभर ओटीवर रस्त्याकडे बघत बसला असता.

डॉक्टर तरुण होते, गुरुदत्तच्या मागे स्कूटरवर बसून भर उन्हात आले. त्यांनी कोंबड्यांचे डोळे पाहिले, विष्ठा पाहिली, लस कधी दिली ते विचारलं. मग कालवलेल्या खाद्याच्या गोणीशी बसून कोपरापर्यंत हात आत घातला. चंद्रावतीनं दाराची चौकट धरली. मूठ वर आली, बोटांमधून भरडा गळला… तळहातावर पांढरे कण उरले.

"शिंपला आहे की भरपूर. छान कालवलंय. कोण करतं?"

"मी," काशीराम म्हणाले.

डॉक्टर वर, पत्र्यांकडे बघत होते. पेंढ्याचं छप्पर काढून दिवाळीनंतर पत्रे घातलेले. उन्हानं कोंबड्या धापा टाकतात, खाणं कमी होतं, चुना कवचापर्यंत पोचत नाही — रोग नाही, ते म्हणाले. पत्र्यावर पेंढा टाका, बाजूंना ओली गोणपाटं बांधा, गार पाणी द्या. आणि थोडा शिंपला संध्याकाळी वेगळा द्या, कवच रात्री धरतं. तिनं अर्धवटच ऐकलं. पत्रे माझीच हौस, असं गुरुदत्त खाली बघत म्हणाला, तेही तिला लांबून आल्यासारखं वाटलं. मग एकदम भूक लागली. सकाळपासून पोटात काही नव्हतं. चुलीपाशी उभ्याउभ्याच तिनं भाकरी आणि सुकट खाल्ली, वरून तांब्याभर पाणी प्यायलं, आणि हात पुसताना लक्षात आलं — रोग नाही याचा आनंद झाला होताच, पण तो नंतर. आधी ते पांढरे कण.

ऊन उतरलं. गुरुदत्त पत्र्यावर चढून पेंढा पसरत होता. बाबा उद्याचं खाद्य गोणीत भरत होते आणि ती गोणीचं तोंड धरून उभी होती, बाहेर बघत, भलत्याच विचारात.

"शिंपला टाकला का गो मी?"

तिनं पाहिलं नव्हतं. तिनं गोणीत हात घातला, खोल; कण बोटांना टोचले.

"टाकलाय तुमी, बाबा. हाय."

"इचारलेलं बरं. हल्ली ध्यानात नाय ऱ्हात."

म्हणजे ठाऊक होतं त्यांना… कधीपासून? इतके दिवस कोणाला विचारत होते? एखाद्या संध्याकाळी हाताला हे कण लागणार नाहीत, तिला ते दिसत होतं, अगदी लख्ख दिसत होतं — आणि तरीही तिला आता त्याची भीती वाटली नाही. ती खाली बसली, त्यांच्या समोर. हात तिनं गोणीतच राहू दिला.