नांगराचा दोर

जगातली सगळी थोर चित्रं समुद्राचीच असतात, असं माझं ठाम मत आहे. मी आयुष्यात दोनच चित्रं नीट पाहिली आहेत आणि त्यातलं एक पंख्याच्या कंपनीचं कॅलेंडर होतं.

दुसरं माझ्या मेहुण्याचं. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवून झाल्यावर त्याने भिंतभर कॅनव्हासवर बंदर रंगवलं. काठोकाठ भरलेली खाडी, धक्का, धक्क्यावर माशांची टोपली, शेजारी मांजर आणि मधोमध नांगरलेली होडी. मच्छीमार संस्थेच्या सभागृहात ते लागणार होतं, फक्त थोरले तांडेल 'हो' म्हणायला हवे होते. साठ वर्षं होडी हाकलेला माणूस. ते 'नाही' म्हणाले, की चित्र आमच्या कपाटामागे आणि मेहुणा पुन्हा 'येथे वाहने लावू नयेत' लिहायला.

सभागृहात चित्र उभं केल्यावर तांडेलांनी दोऱ्याने बांधलेला चष्मा चढवला. वारा कुठला, विचारलं. मेहुणा म्हणाला, उजवीकडचा. पाणी चढतंय की उतरतंय, विचारलं. मेहुण्याने हौसेने सांगितलं, चढतंय.

"मग पेंटर, तिला बुडवताय कशाला?"

मेहुण्याने नांगराचा दोर आखूड आणि ताणलेला काढला होता, तसा झोकदार दिसतो म्हणून. चढत्या पाण्यात आखूड दोर होडीचं नाक खाली ओढतो, हे आम्हा दोघांच्या बापजन्मी कानावर आलं नव्हतं. मी एक विनोद तयार ठेवला होता, तो गिळला.

मेहुण्याने तिथेच रंग उघडले. ताठ रेघ पाण्याच्या रंगाखाली गेली. तांडेलांचं बोट हवेत फिरत होतं, त्यामागून ब्रश. दोर सैल पडत, लवत लांब पाण्यात उतरला.

आणि होडी उचलली गेली. शपथेवर सांगतो, तिला ब्रश लागलासुद्धा नव्हता. एवढी मोठी खाडी तिच्याखाली श्वास घेतल्यासारखी वर आली. मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. तांडेलांकडे पाहिलं, तर त्यांनी पाय फाकवून तोल सावरला होता. ते होडीत होते.

मेहुण्याच्या ब्रशवरून निळा थेंब त्याच्याच चपलेवर पडला.

"लावा भिंतीवर," तांडेल म्हणाले. दारापर्यंत जाऊन ते वळले.

"तेवढं ते मांजर हाकला. टोपलीवर झाकण नाही."